मोजलेली माशी

जानेवारी २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातल्या पापाटोएटोए या उपनगरात सरकारी सापळ्यात एक माशी सापडली. एकच, आणि तीही नर. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस हे तिचं शास्त्रीय नाव. आपल्याकडे आंब्याच्या बागेत जिला नुसतं फळमाशी म्हणतात, तीच ही. त्या एका माशीपायी आजूबाजूच्या वस्तीला नियम लागू झाले. घरच्या झाडाचं फळ ठरलेल्या हद्दीबाहेर न्यायचं नाही, सालं आणि उरलंसुरलं फळ घरच्या खतखड्ड्यात टाकायचं नाही, त्यासाठी वेगळे डबे ठेवले होते त्यांतच टाकायचं. आणखी सापळे लागले, परसातली फळं तपासली गेली. काही आठवडे हे चाललं, दुसरी माशी सापडली नाही आणि निर्बंध उठले. पापाटोएटोएमध्ये भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबं राहतात. आपल्या गावी आंबा कापल्यावर आत अळी दिसली तर तेवढी फोड टाकून बाकीचा आंबा खाल्ला जातो. तिथून गेलेल्या माणसाला हा खटाटोप पाहून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

मला तो अतिरेक वाटत नाही. त्या देशाने खरं मोल दिलं ते सापडलेल्या माशीसाठी नव्हे, तर वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या सापळ्यांसाठी. न्यूझीलंडभर असे आठ हजारांच्या आसपास सापळे टांगलेले असतात. हंगामात दर पंधरवड्याला कुणीतरी माणूस प्रत्येक सापळ्यापाशी जातो, तो उघडतो, आत काही नाही हे पाहतो, आणि ‘काही नाही’ असं लिहून पुढच्या झाडाकडे वळतो. या कामात गाजावाजा नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. पण त्या नोंदींच्या जोरावर तो देश जगाला सांगू शकतो की आमचं सफरचंद, आमची किवी जिथे पिकते तिथे ही माशी नाही. आणि त्या नोंदी आहेत म्हणूनच एक नर सापडला तेव्हा, तो नुकताच आलाय, अजून संसार थाटलेला नाही, असं म्हणायला आधार मिळाला.

किडीवर नजर ठेवणं म्हणजे कीड पकडणं नव्हे; मोजणं आणि मोजलेलं लिहून ठेवणं. आपण, म्हणजे या माशीच्या मूळ घरी राहणारे लोक, सापळा टांगायला शिकलो. मोजायला मात्र अजून पुरते शिकलो नाही. त्याची किंमत आपण एकदा जगापुढे मोजली आहे आणि दर वर्षी मे महिन्यात बागेत मोजतो आहोत, हे मला या लेखात मांडायचं आहे.

आधी माशीबद्दल. घरमाशीपेक्षा किंचित मोठी, छातीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. मादीच्या शेपटाकडच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. पक्वतेला आलेल्या फळाच्या सालीत तो खुपसून ती आत अंडी घालते. बागायतदार याला डंख म्हणतात. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि अळ्या गर खाऊ लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला सालीवर एखादा बारीक ठिपका दिसला तर दिसला. (साका वेगळा. ती गरातली विकृती आहे, तिच्यात माशीचा हात नाही. पण ग्राहकाच्या रागाला हा फरक कळत नाही.) अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर पडते, मातीत काही सेंटिमीटर खाली जाऊन कोषात जाते, आणि तिथून नवी माशी वर येते. एक मादी आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. आंबा संपला की पेरू, पेरू संपला की चिकू, जाम, पपई, परसात जे असेल ते. तीनशेहून अधिक वनस्पतींच्या फळांत ती वाढते.

अंडं सालीआड, अळी गराआड, कोष मातीआड. उघड्यावर येते ती फक्त उडणारी माशी, आणि ती पानाआड बसते. म्हणजे माणसाला जेव्हा अळी दिसते, तेव्हा त्या पिढीचं काम जवळजवळ झालेलं असतं. डोळ्यांवर विसंबून या किडीशी लढता येत नाही. तिला आपणहून आपल्याकडे यायला लावणारं काहीतरी हवं.

ते ‘काहीतरी’ सापडलं भारतात. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाऊलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. गवती चहाच्या कुळातल्या गवतापासून काढलेलं सिट्रोनेला तेल डास पळवण्यासाठी अंगाला लावत. त्या तेलावर फळमाश्या येऊन बसतात, आणि येतात ते सगळे नर, असं त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी त्यातला नेमका कोणता घटक नरांना ओढतो तेही दाखवलं: मिथाईल युजेनॉल. आज ऑकलंडपासून कॅलिफोर्नियापर्यंत या माशीसाठी जो सापळा टांगला जातो, त्यातल्या बोळ्यावर हाच पदार्थ असतो. तो कृत्रिमच बनवावा लागतो असंही नाही. काही फुलांत असतो, तुळशीत असतो. तुळशीचा पाला चुरगळून त्यावर माश्या गोळा करण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. नर हा पदार्थ चाटतात, शरीरात त्याचं रूपांतर होऊन माद्यांना आकर्षित करणारा गंध तयार होतो, आणि चाटलेल्या नराला जोडीदार लवकर मिळतो. म्हणून तो लांबून येतो, आणि म्हणूनच एवढ्याशा नराचा पत्ता एवढ्या मोठ्या शहरात लागतो.

इथूनच एक घोटाळा सुरू झाला, तो अजून निस्तरलेला नाही. नर इतके वेड्यासारखे येतात, तर सगळे नर मारूनच टाकू, माद्या फळत नाहीत, विषय संपला, ही कल्पना स्वाभाविक होती. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात ती खरी करून दाखवली गेली: मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले चौकोनी तुकडे विमानातून टाकले, आणि माशी त्या बेटावरून नाहीशी झाली. जपानने ओकिनावा आणि भोवतालच्या बेटांवर याच मार्गाने वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८६ पर्यंत ती साफ केली. या दोन यशांची गोष्ट सांगताना लोक एक भाग विसरतात. ती बेटं होती. संपूर्ण बेटावर एकाच वेळी काम झालं. आणि दर टप्प्याला किती माश्या उरल्या, हे मोजलं गेलं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे शंभरातले नव्वद नर मारूनही काही साधत नाही. जवळजवळ सगळेच जावे लागतात. पाच एकरांच्या बागेत पाच सापळे लावले आणि शेजारच्या बागेत एकही नाही, तर शेजारून फळलेली मादी कुंपण ओलांडून येते आणि डंख मारते. सापळ्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही, कारण तो गंध तिच्यासाठी नाहीच.

आपल्याकडे सापळा विकला जातो तो मारण्याचं साधन म्हणून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा दिला, तो स्वस्त आहे, साधा आहे, उपयोगी आहे. त्याबद्दल विद्यापीठाचं ऋण मानावं तेवढं थोडं. पण मे महिन्यात एखाद्या बागेत जाऊन सापळ्याची बरणी उघडून पाहा. तळाशी मेलेल्या माश्यांचा जाड थर असतो, वरच्या ताज्या, पंख अजून चकाकणारे. खालच्या ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या, काळ्या पडलेल्या. बागायतदार अभिमानाने दाखवतो, ‘बघा, केवढ्या मेल्या!’ आणि बरणी झाडाच्या बुंध्याशी उलटी करतो. ही बरणी खरं तर एक कागद होती. गेल्या आठवड्यात किती होत्या, त्याच्या आधी किती, वळवाचा पाऊस झाल्यावर किती वाढल्या, बांधालगतच्या पेरूजवळच्या सापळ्यात जास्त की मधल्या कलमाजवळच्या, हे सगळं तीत होतं. ते मातीत गेलं.

मोजण्याचं गणित अवघड नाही. जगभर एकच माप वापरतात: दर सापळ्याला दर दिवशी किती माश्या. दहा सापळे, सात दिवस, साडेतीनशे माश्या, म्हणजे पाच. पुढच्या आठवड्यात हा आकडा आठवर गेला तर तोडणी लवकर उरकायची, पडीची फळं त्याच दिवशी गोळा करून खोल पुरायची, प्रथिनांचं आमिष फवारायचं. दोनवर आला तर केलेल्या कामाचा उपयोग होतोय. आकडा नसेल तर फवारणी होते ती शेजाऱ्याने केली म्हणून, किंवा दुकानदाराने सांगितली म्हणून.

न मोजल्याने काय होतं, हे आफ्रिकेने दाखवून दिलं. २००३ मध्ये केनियाच्या आंबा-बागांत एक अनोळखी फळमाशी सापडली. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्राचे, इसिपेचे लोक तिथे नियमित पाहणी करत होते म्हणून ती निदान कागदावर आली. पण त्या खंडाच्या बहुतेक भागांत तिला टिपणारं जाळंच नव्हतं. काही वर्षांत ती हिंदी महासागराच्या किनाऱ्यापासून सेनेगलपर्यंत पोहोचली. तिथल्या आंब्यावर आधी ज्या स्थानिक माश्यांचं राज्य होतं, त्यांनाही तिने पुष्कळ ठिकाणी मागे रेटलं. नावाची अडचण वेगळीच. ती मूळची श्रीलंकेकडची दिसते, एवढं लवकर कळलं, पण २००५ मध्ये तिला नवी जात म्हणून ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स’ असं नाव दिलं गेलं. ती डॉर्सालिसच आहे, निराळी नाही, हे ठरायला २०१५ उजाडलं. दहा वर्षं एकच माशी दोन नावांनी वावरली. त्या काळात एका देशाच्या यादीत एक नाव, दुसऱ्याच्या यादीत दुसरं, आणि फळ नेण्याचे नियम त्या नावांवर अवलंबून. माशी ओळखणारी माणसं, म्हणजे पंखांवरच्या रेषा आणि पाठीवरचे पट्टे पाहून जात सांगणारे वर्गीकरणतज्ज्ञ, हा चैनीचा खर्च वाटतो. तो तसा नाही. आपल्याच आंब्यावर डॉर्सालिसबरोबर झोनाटा आणि करेक्टा या जातीही येतात, तिन्ही मिथाईल युजेनॉलवर येतात, आणि एकाच बरणीत एकत्र मरतात. युरोपच्या दृष्टीने डॉर्सालिस आणि झोनाटा या दोन्ही २०१९ पासून अग्रक्रमाच्या किडींच्या यादीत आहेत. बरणीत कोण आहे, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेने सावध राहून सापळे लावले होते. २०१० मध्ये लिंपोपो प्रांताच्या उत्तर टोकाला माशी सापडली, लगेच मोहीम झाली, ती आटोक्यात आली. नंतर पुन्हा आली, पुन्हा मोहीम; २०१३ मध्ये प्रांताच्या काही भागांत ती कायमची बसल्याचं मान्य करावं लागलं. मग मोजण्याचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारील. उपयोग हा, की संत्र्या-आंब्याच्या उत्पादकांना तयारीला काही वर्षं मिळाली, आणि माशी नेमकी कुठे आहे हे ठाऊक असल्याने सगळ्या देशाच्या फळावर एकदम शिक्का बसला नाही. मोजणी माशीला हरवते असं मी म्हणत नाही. मोजणी नसेल तर हरलोय हेसुद्धा उशिरा कळतं.

या बाजूने लिहिताना कॅलिफोर्नियाचा अनुभव वगळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही, कारण मोजणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिथून आला. १९८० मध्ये सांता क्लारा परगण्यात भूमध्य फळमाशी, म्हणजे या माशीची दुसरी चुलत बहीण, सापडली. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी वस्तीवर हवाई फवारणीला विरोध केला. केंद्र सरकारने राज्याच्या फळांवर बंदीची धमकी दिली. जुलै १९८१ मध्ये लोक झोपलेले असताना घरांवर हेलिकॉप्टरमधून मॅलॅथिऑन मिसळलेलं आमिष शिंपडलं गेलं. त्या रात्रींनी तिथल्या लोकांच्या मनात कीड-नियंत्रण खात्याविषयी जो संशय पेरला, तो कित्येक वर्षं राहिला. माशी मेली असं जाहीर झालं. पुढच्या दशकांत ती पुन्हा पुन्हा सापडत राहिली.

तेव्हा कीटकशास्त्रज्ञ जेम्स केरी यांनी विचारलं, ही दर वेळी नव्याने येते, की कधी गेलीच नव्हती आणि आपले सापळे तिला पकडण्याइतके दाट नाहीत? २०१३ मध्ये पापाडोपुलोस, प्लांट आणि केरी यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं की कॅलिफोर्नियात किमान पाच आणि कदाचित नऊ जातींच्या फळमाश्या सापळ्यांना न दिसण्याइतक्या कमी संख्येने वस्तीला आहेत. सरकारी शास्त्रज्ञांनी आणि इतरांनी हे जोरदार खोडून काढलं: आनुवंशिक पुरावा नव्या आगमनाकडे बोट दाखवतो, आणि कायमची वस्ती असती तर संख्या फुटून बाहेर आली असती, असं त्यांचं म्हणणं. हा वाद माझ्या दृष्टीने मोजणीच्या विरोधातला नाही. उलट मोजणी प्रामाणिकपणे कशी करायची, हे तो शिकवतो. सापळ्यात काही सापडलं नाही, या वाक्याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा शेजारी चार गोष्टी लिहिलेल्या असतात: एवढ्या क्षेत्रात एवढे सापळे, या आमिषाचे, इतक्या दिवसांनी बदललेले, या झाडांवर टांगलेले. मिथाईल युजेनॉल फार जबर ओढ लावतं, म्हणून डॉर्सालिसच्या बाबतीत रिकामा सापळा बरंच सांगतो. भूमध्य माशीचं आमिष त्या मानाने दुबळं, तिथे रिकाम्या सापळ्यावर तेवढा भरवसा नाही. एकाच शब्दात ‘नाही’ म्हणणारा अहवाल मला नको आहे. किती खात्रीने नाही, ते सांगणारा हवा आहे.

कॅलिफोर्निया १९८१ पासून काही शिकलं, हेही नोंदवलं पाहिजे. २०२३ मध्ये रेडलँड्स या जुन्या संत्र्यांच्या गावात डॉर्सालिस पसरली. २०२४च्या सुरुवातीला दोन हजारांहून अधिक घरांच्या अंगणांतली फळं सरकारी माणसांनी घरोघर जाऊन उतरवली. आजोबांनी लावलेल्या संत्र्याचं पिकलेलं फळ कुणीतरी पोत्यात भरून नेतंय, हे पाहणं सोपं नाही. पण वरून विष शिंपडण्यापेक्षा दारावर येऊन कारण सांगणं वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातले परक्या फळमाश्यांचे सगळे प्रादुर्भाव संपल्याचं जाहीर झालं. कोणत्या घरापर्यंत जायचं आणि कोणत्या गल्लीत थांबायचं, हे तिथे सापळ्यांनी सांगितलं. मोजणी जितकी बारीक, तितका सामान्य माणसाला होणारा त्रास कमी. मोजणीच्या बाजूचा हा मुद्दा मला व्यापारापेक्षाही मोठा वाटतो.

आता घरी येऊ. १ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने भारताचा आंबा आणि वांगं, कारलं, पडवळ, अळू या भाज्या घेणं बंद केलं. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे सूर निघाला तो अपमानाचा: आमच्या हापूसला नाकारतात म्हणजे काय! मला तो सूर तेव्हाही पटला नव्हता. ज्या देशांत ही माशी नाही त्यांनी ती येऊ नये म्हणून दार लावलं, यात अपमान कसला? २०१८ मध्ये इटलीच्या कंपानिया भागात डॉर्सालिस सापळ्यांत सापडलीच. त्यांची भीती काल्पनिक नव्हती. त्याच २०१४ मध्ये केनियाने याच माशीपायी युरोपला जाणारा आपला आंबा स्वतःच थांबवला, आणि तो पुन्हा सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. आपल्या आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली.

ती उठली कशामुळे? यंत्रांमुळे. युरोपसाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर, जपानसाठी उष्ण बाष्प, अमेरिकेसाठी २००७ पासून विकिरण. वाशीला पणन मंडळाने या सोयी उभ्या केल्या, आणि त्या नसत्या तर आज हापूस दुबईच्या पलीकडे फारसा गेला नसता. त्यांचं महत्त्व मी कमी करत नाही. पण यंत्र पेटीतली अळी निकामी करतं. ती अळी कुणाच्या बागेतून, कुठल्या गावातून, कुठल्या आठवड्यात आली, ते यंत्राला ठाऊक नसतं. यंत्राच्या दारात आलेल्या आंब्यात जितका डंख जास्त, तितका तो निवडून बाहेर काढण्यात माल वाया. गरम पाण्यात फळाची जी चव आणि टिकाऊपणा थोडाफार जातो, तो साऱ्याच फळाचा जातो, स्वच्छ बागेतल्यासुद्धा. आणि हे सगळं परदेशी जाणाऱ्या थोड्या आंब्याचं. मुंबई-पुण्याला जाणारा, गावात विकला जाणारा, कॅनिंगला जाणारा आंबा यंत्र पाहत नाही. त्यातली अळी आपलं कुटुंब खातं किंवा टाकतं, आणि तो तोटा कुठल्याच कागदावर येत नाही.

‘माशी आपल्याकडे मूळचीच आहे, ती शून्यावर येणार नाही, मग मोजून काय करायचं?’ असं मला बागायतदारांनी विचारलं आहे. शून्य आपल्यासाठी नाही, हे खरं. पण फळमाशीमुक्त क्षेत्रांसाठी २००६ मध्ये जागतिक मानक ठरलं, आणि जिथे मुक्ती शक्य नाही तिथे ‘कमी प्रादुर्भावाचं क्षेत्र’ ही वाटही वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठेवली आहे. तिथे शून्य मागत नाहीत. ठरलेल्या मर्यादेखालचा आकडा मागतात, आणि तो आकडा सलग काही हंगाम, ठरलेल्या जागांवरून, एकाच पद्धतीने घेतलेला हवा असतो. आफ्रिकेतले देश आज हीच वाट धरू पाहतात. आपल्याकडे एखाद्या गावाने वा खाडीलगतच्या एखाद्या पट्ट्याने सांगायचं ठरवलं की एप्रिलच्या पहिल्या तोडणीत आमच्याकडे माशी अगदी कमी असते, तर ते खरं असूनही दाखवायला काय आहे? माशी वळवाच्या पावसानंतर वाढते, शेवटच्या तोडणीचा आंबा जास्त डंखलेला असतो, हे प्रत्येक गडी सांगेल. गड्याचं सांगणं कराराच्या टेबलावर चालत नाही.

पाया अगदीच नाही असं नाही. राज्याचा ‘हॉर्टसॅप’ प्रकल्प आहे, त्यात आंबा आहे, कीड सर्वेक्षक ठरावीक बागांत पाहणी करतात, सल्ले निघतात. त्या कामावर उभं राहूनच पुढे जावं लागेल. पुढे म्हणजे काय, तर गावागावांत काही सापळे असे ठरवायचे की ते कुणाच्या बागेतली माशी मारण्यासाठी नाहीत. त्यांची जागा बदलायची नाही, त्यांतला मिथाईल युजेनॉलमध्ये भिजवलेला लाकडी तुकडा ठरलेल्या तारखेलाच बदलायचा, आणि त्यांतला आकडा दर आठवड्याला कळवायचा. बागेतच नव्हे, बाजारपेठेच्या कडेला, परसातल्या पेरूवर, शाळेच्या चिकूवरसुद्धा ते हवेत, कारण माशी आंबा नसलेले महिने तिथेच काढते. मोजणाऱ्या माणसाला मोजण्याचे पैसे द्यायचे. मे महिन्यात काढणीला गडी मिळत नाही, तिथे बागायतदाराकडून फुकट मोजणीची अपेक्षा करणं अन्याय आहे.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती बागायतदार उघड बोलत नाही. आकडा वर गेला आणि बाहेर पडला तर माझ्या बागेचं नाव खराब होईल, व्यापारी भाव पाडेल, निर्यातदार दुसरीकडे जाईल. ज्याने खरं लिहिलं त्याचंच नुकसान होणार असेल तर कुणी खरं लिहिणार नाही, आणि खोट्या आकड्यांचं जाळं रिकाम्या जागेपेक्षा घातक. म्हणून आकडा गावाच्या किंवा पट्ट्याच्या नावाने जाहीर व्हावा, सातबाऱ्याच्या नावाने नव्हे. वर गेलेल्या आकड्याबरोबर मदतही गावात यावी: आमिष, पडीची फळं पुरण्यासाठी मजुरी, शेजारच्या ओसाड बागेत फवारणी करण्याची मुभा. मुंबईत राहणाऱ्या मालकांच्या, कुणी न पाहणाऱ्या बागा कोकणात कमी नाहीत, आणि माशीला त्यांच्यासारखं आश्रयस्थान नाही. तिथे काय करायचं, याचा निर्णय ग्रामपंचायतीच्या पातळीवर व्हायला हवा.

सीमेचीही बाजू आहे. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे जाताना आई बॅगेत चार हापूस लपवून नेते. त्यामागचं प्रेम मला कळतं, पण विमानतळावर माशीची अळी सापडते ती बहुतेकदा अशाच फळांत. केनियाच्या बागेत ती कुणाच्या सामानातून गेली ते आता कळणार नाही. पण ती आपल्या बाजूने गेली, एवढं ठरलं आहे. ज्या देशांनी ती थोपवण्यासाठी आयुष्यभर जपलेल्या झाडांची फळं उतरवली, त्यांना आपण निदान आपल्याकडे ती कुठे, कधी आणि किती आहे, हे सांगू शकलो पाहिजे.

हा हंगाम संपून पावसाळा उतरला की कोकणात बागा शांत होतात. तेव्हाच सापळ्यांच्या जागा ठरवल्या, माणसं नेमली, माश्या ओळखायला शिकवलं, तर मोहोर येईपर्यंत पहिल्या नोंदी सुरू होतील. पेरू-चिकूवरची थंडीतली संख्या तेव्हा कळेल, आणि मार्चमध्ये पहिल्या तोडणीआधी रत्नागिरीचा आणि देवगडचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. बरणी आहे, लाकडी तुकडा आहे, विद्यापीठ आहे, सर्वेक्षक आहेत. बरणी झाडाच्या बुंध्याशी उलटी करण्याआधी आतल्या माश्या पांढऱ्या कागदावर घेऊन मोजणारा माणूस तेवढा नेमायचा आहे, आणि त्याचा पगार बंद पडणार नाही याची हमी जिल्हा नियोजनातून द्यायची आहे.